अपघातातील मृत्यू : उपचारापूर्वीचा उपचार

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात बरे होऊन घरी गेलेल्या रुग्णांची, पार पडलेल्या शस्त्रक्रियांची आणि मिळालेल्या देणग्यांची नोंद असते. जे रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचलेच नाहीत, त्यांची नोंद अशा अहवालात कोठेही सापडत नाही. रस्त्यावरील अपघातात प्राण गमावणाऱ्यांपैकी अनेक जण या दुसऱ्या वर्गात मोडतात. त्यांच्यासाठी शस्त्रक्रियागृह सज्ज असते, रक्तपेढीत रक्त असते, डॉक्टरही हजर असतात. परंतु उपचारांची वेळ येण्यापूर्वीच सारे संपलेले असते. म्हणूनच या अहवालाच्या निमित्ताने, रुग्णालयाच्या दाराबाहेर जे घडू शकते आणि घडायला हवे, त्याचा विचार वाचकांसमोर मांडीत आहोत.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात ४,६१,३१२ रस्ते-अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ व्यक्तींचा मृत्यू झाला. याचा अर्थ दर तासाला सुमारे एकोणीस मृत्यू. एकट्या महाराष्ट्रात त्या वर्षी १५,२२४ जण दगावले. २०२४ साली देशातील हा आकडा सुमारे १ लाख ७७ हजारांवर गेला. २०२२ च्या मृतांपैकी दोन तृतीयांश व्यक्ती १८ ते ४५ या वयोगटातील होत्या. घरातील कमावता माणूस जातो, तेव्हा त्याच्यामागे राहिलेल्यांची परवड कोणत्याही तक्त्यात मावत नाही.

दोन डॉक्टरांनी दिलेली दृष्टी

अपघात म्हणजे नशिबाचा घाला, किंवा फार तर चालकाचा दोष, अशी आपली समजूत असते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्रगत देशांतही हीच समजूत होती. ती बदलण्यात दोन वैद्यकीय व्यावसायिकांचा मोठा वाटा आहे, ही गोष्ट रुग्णालयाच्या वाचकांना विशेष वाटावी.

पहिले डॉ. जॉन स्टॅप. अमेरिकन हवाई दलातील या डॉक्टरांनी मानवी शरीर किती धक्का सहन करू शकते, हे पाहण्यासाठी स्वतःच्याच देहावर प्रयोग केले. डिसेंबर १९५४ मध्ये रॉकेटच्या बळावर रुळांवरून धावणाऱ्या गाडीत स्वतःला पट्ट्यांनी बांधून घेऊन त्यांनी ताशी सुमारे एक हजार किलोमीटरचा वेग गाठला. ती गाडी दीड सेकंदाच्या आत थांबली आणि ते जिवंत राहिले. शरीर आसनाशी नीट बांधलेले असेल, तर ते आपल्या कल्पनेपेक्षा कितीतरी अधिक सोसू शकते, हे यातून सिद्ध झाले. पुढे मोटारींमध्ये सुरक्षा-पट्टे असावेत यासाठी त्यांनी सतत आग्रह धरला.

दुसरे डॉ. विल्यम हॅडन. हे साथरोगशास्त्राचे अभ्यासक. १९६६ साली अमेरिकेने वाहन-सुरक्षेचा कायदा केला, तेव्हा त्याच्या अंमलबजावणीसाठी निर्माण झालेल्या यंत्रणेचे ते पहिले प्रमुख झाले. हिवतापाचा विचार करताना आपण रोगी, डास आणि डबके या तिन्हींचा विचार करतो. केवळ रोग्याला दोष देत नाही. हॅडन यांनी अपघातालाही हीच रीत लावली. त्यांनी अपघाताचे तीन टप्पे पाडले : टक्कर होण्यापूर्वी, टक्कर होताना आणि टक्कर झाल्यानंतर. या प्रत्येक टप्प्यावर माणूस, वाहन आणि परिसर या तिन्हींत काय सुधारता येईल, असा प्रश्न त्यांनी विचारला. माणूस चुकणारच, हे त्यांनी गृहीत धरले. त्या चुकीची शिक्षा मृत्यू असू नये, हे त्यांचे उद्दिष्ट होते.

रुग्णालय या तीन टप्प्यांपैकी केवळ शेवटच्या टप्प्यात उभे असते. पहिले दोन टप्पे वाहनाच्या रचनेत, कायद्यात आणि आपल्या सवयीत दडलेले आहेत.

प्राण घेतो तो वेग

टक्कर होताना शरीराला इजा होते ती वेगातील ऊर्जेमुळे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार भिंतीवर आदळणे म्हणजे सुमारे दहा मीटरवरून, अर्थात तिसऱ्या मजल्यावरून, खाली पडण्यासारखे आहे. हाच वेग ताशी १०० किलोमीटर असेल, तर ती उंची दुप्पट नव्हे, चौपट होते. म्हणजे जवळजवळ तेराव्या मजल्यावरून पडणे. तेराव्या मजल्याच्या कठड्यावर आपण कोणीही निष्काळजीपणे उभे राहणार नाही. गाडीच्या काचेआड बसल्यावर मात्र ही उंची आपल्याला दिसत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सरासरी वेग एक टक्क्याने वाढला, तर प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. आपल्याकडे २०२२ मधील मृत्यूंपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यूंच्या नोंदीत अतिवेग हे कारण दिलेले आहे. वाहन-सुरक्षेचे तंत्रज्ञान मुख्यतः दोन कामे करते : एक तर वेग वेळीच कमी करणे, नाहीतर उरलेली ऊर्जा शरीराच्या नाजूक भागांपासून दूर वळवणे.

पट्ट्याचा धडा : तंत्र आणि कायदा एकत्र

आज आपण वापरतो तो तीन ठिकाणी बांधला जाणारा पट्टा निल्स बोहलिन या स्वीडिश अभियंत्याने व्होल्वो कंपनीसाठी १९५९ साली तयार केला. त्यापूर्वी ते लढाऊ विमानांच्या आसनांवर काम करीत असत. हा पट्टा धक्क्याचा जोर पोटावर न येऊ देता कंबरेच्या आणि छातीच्या हाडांवर पसरवतो, आणि गाडीचा पुढचा भाग चेपत असताना जो क्षणभराचा अवकाश मिळतो, त्याचा लाभ शरीराला करून देतो. पट्टा नसलेला प्रवासी मात्र गाडी थांबल्यावरही त्याच वेगाने पुढे जाऊन काचेवर किंवा पुढील आसनावर आदळतो. कंपनीने आपल्या या शोधाचा वापर इतर उत्पादकांसाठीही खुला ठेवला, ही गोष्ट दानशूरांनी ध्यानात घ्यावी अशी आहे.

परंतु केवळ शोध लागून भागले नाही. अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींत पट्टे बसवणे सक्तीचे झाले. तरीही १९८३ साली पट्टा लावणाऱ्यांचे प्रमाण जेमतेम १४ टक्के होते. पट्टे होते, पण ते आसनाच्या फटीत पडून राहत. याउलट ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९७० सालीच पट्टा लावणे बंधनकारक केले. असा कायदा करणारे ते जगातील पहिले राज्य. अमेरिकेत १९८४ साली न्यूयॉर्क राज्याने असा कायदा केला आणि पाठोपाठ इतर राज्यांनीही केला. २००५ पर्यंत तेथील पट्ट्याचा वापर ८२ टक्क्यांवर पोहोचला. अमेरिकन वाहतूक-सुरक्षा यंत्रणेच्या अभ्यासानुसार १९६० ते २०१२ या काळात वाहनांतील सुरक्षा-साधनांनी त्या देशात ६,१३,५०१ जीव वाचवले. त्यांत निम्म्याहून अधिक वाटा एकट्या पट्ट्याचा होता.

आपल्याकडे मागच्या आसनावर पट्टा लावण्याची आवश्यकता अजूनही अनेकांना पटत नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या मोटार अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे एक सहप्रवासी यांचा मृत्यू झाला. दोघेही मागच्या आसनांवर होते, आणि पोलिसांच्या सांगण्यानुसार दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. पुढच्या आसनांवरील दोघे गंभीर जखमी होऊनही वाचले. गाडी महागडी असली, तरी पट्ट्याची जागा दुसरे काहीही घेऊ शकत नाही. जपानमधील अपघातांच्या एका मोठ्या अभ्यासात, मागे बसलेल्यांनी पट्टा लावला नसेल, तर पट्टा लावून पुढे बसलेल्यांच्या मृत्यूचा धोका जवळजवळ पाचपट होतो, असे २००२ साली दिसून आले. मागचा प्रवासी स्वतःबरोबर पुढच्याचाही जीव धोक्यात घालतो.

चालकापेक्षा जलद प्रतिसाद देणारे ब्रेक

पट्टा आणि एअरबॅग टक्कर होताना उपयोगी पडतात. त्याआधीच्या टप्प्यात काम करणारी साधनेही आता उपलब्ध आहेत. घाबरून ब्रेक जोरात दाबला की चाके जागच्या जागी अडकतात, गाडी घसरू लागते आणि हातातील सुकाणू निरुपयोगी ठरते. चाके अडकू न देणारी यंत्रणा, म्हणजेच एबीएस, ब्रेकचा दाब सेकंदात अनेक वेळा कमी-अधिक करून चाके फिरती ठेवते.

याच्या पुढची पायरी म्हणजे गाडीचा तोल सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. चालक गाडी कोणत्या दिशेला वळवू पाहतो आणि गाडी प्रत्यक्षात कोठे चालली आहे, याची ती सतत तुलना करते आणि तफावत आढळली की नेमक्या एकाच चाकाला ब्रेक लावून गाडी मार्गावर आणते. ऑक्टोबर १९९७ मध्ये स्वीडनमधील एका मोटार-नियतकालिकाने मर्सिडीज-बेंझची नवी लहान मोटार, रस्त्यात अचानक प्राणी आडवा आला असे समजून, झटकन वळवून पाहिली, ती उलटली. टीकेनंतर कंपनीने त्या मोटारीत तोल सावरणारी यंत्रणा सरसकट बसवली. महागड्या गाड्यांपुरते मर्यादित असलेले हे साधन त्यामुळे लहान गाड्यांपर्यंत आले. पुढे अमेरिकेने आणि युरोपीय संघाने ते सर्व नव्या मोटारींना सक्तीचे केले.

त्याच महिन्यात स्वीडनच्या संसदेने एक ऐतिहासिक निर्णय घेतला. रस्त्यावर कोणाचाही मृत्यू किंवा गंभीर दुखापत होणे नैतिकदृष्ट्या स्वीकारार्ह नाही, असे धोरण तिने मंजूर केले. त्या वर्षी तेथे ५४१ मृत्यू झाले होते. २०२० मध्ये ते २०४ झाले. जपानमध्ये १९७० साली १६,७६५ जण मृत्युमुखी पडले होते. २०२४ साली ही संख्या २,६६३ होती. या यशात रस्त्यांची रचना, पोलिसांची दक्षता आणि तत्पर उपचार यांचाही वाटा आहे. मृत्यूंचे हे प्रमाण अटळ नसते, हे मात्र या दोन्ही देशांनी दाखवून दिले.

भारतातील वाटचाल

जानेवारी २०१४ मध्ये एका आंतरराष्ट्रीय संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लोकप्रिय लहान मोटारींची ताशी ६४ किलोमीटर वेगाने टक्कर-चाचणी घेतली. त्यांच्या मूळ, एअरबॅगविरहित आवृत्त्यांना प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. त्यांपैकी एका मोटारीची दोन एअरबॅग असलेली आवृत्ती तपासली असता तिला चार तारे मिळाले. गाडी तीच, रस्ता तोच. फरक होता तो ग्राहकाला काय दिले जाते याचा.

त्यानंतर नियम बदलू लागले. ऑक्टोबर २०१७ पासून नव्या मॉडेलना समोरून आणि बाजूने होणाऱ्या टक्करीची चाचणी सक्तीची झाली. ऑक्टोबर २०१९ पासून ती सर्व मोटारींना लागू झाली. २०१९ मध्येच एबीएस, चालकासाठी एअरबॅग, पट्टा न लावल्यास वाजणारी आणि वेग वाढल्यास इशारा देणारी घंटी अनिवार्य झाली. पुढच्या प्रवाशासाठीची एअरबॅग २०२१ मध्ये आवश्यक ठरली. सहा एअरबॅगची सक्ती करण्याचा प्रस्ताव मात्र २०२३ मध्ये मागे पडला. त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून 'भारत एनसीएपी' ही आपली स्वतःची तारांकन पद्धत सुरू झाली. त्यामुळे मोटार विकत घेताना ती एका लिटरमध्ये किती धावते याबरोबरच ती किती सुरक्षित आहे, हेही विचारता येऊ लागले.

खरा प्रश्न दुचाकीचा

तथापि आपल्या देशात मोटारीपुरता विचार करून भागणार नाही. २०२२ मधील मृतांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीस्वार होते आणि सुमारे १९ टक्के पादचारी होते. दुचाकीस्वाराभोवती चेपणारा पत्रा नाही आणि पट्टाही नाही. त्याचे डोके हेच त्याचे पहिले कवच ठरते. त्या वर्षी हेल्मेट नसलेल्या ५०,०२९ व्यक्ती मरण पावल्या. त्यांतील १४,३३७ जण मागे बसलेले होते. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका ६९ टक्क्यांनी कमी होतो, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणातून दिसून आले आहे. हेल्मेटसक्तीला विरोध करण्याची परंपरा आपल्या राज्यातील काही शहरांत जुनी आहे. मेंदूला मार लागलेल्या तरुणाच्या खाटेशेजारी बसलेल्या मातापित्यांना मात्र त्या विरोधाची किंमत ठाऊक असते.

दुचाकीच्या ब्रेकचे तंत्रही तितकेच महत्त्वाचे आहे. पुढचे चाक अडकले की दुचाकी क्षणार्धात आडवी होते. अमेरिकेतील एका विमा-संशोधन संस्थेच्या अभ्यासात एबीएस असलेल्या मोटारसायकलींच्या प्राणघातक अपघातांचे प्रमाण २२ टक्क्यांनी कमी आढळले. भारतात एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीहून मोठ्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे आहे. त्याहून लहान दुचाकींसाठी दोन्ही चाकांना एकत्र ब्रेक लावणारी साधी यंत्रणा पुरेशी मानली गेली. सर्वसामान्य कुटुंबात प्रामुख्याने लहान दुचाकीच असते. जून २०२५ मध्ये केंद्र सरकारने सर्व नव्या दुचाकींना एबीएस बंधनकारक करण्याच्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला, तो या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

अवजड वाहनांची जबाबदारी

२०१५ पासून बहुसंख्य नव्या व्यावसायिक वाहनांना वेग मर्यादित ठेवणारे उपकरण आवश्यक झाले. ट्रकच्या मागील बाजूस खाली असलेली लोखंडी आडवी पट्टीही नियमाने आवश्यक आहे. ती नसेल किंवा कमकुवत असेल, तर मागून धडकणारी मोटार थेट ट्रकखाली शिरते. अशा वेळी ट्रकची कडा काचेतून आत येते, आणि एअरबॅग व चेपणारा पुढचा भाग दोन्ही निरुपयोगी ठरतात.

१ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून तिला आग लागली आणि २५ प्रवाशांचा मृत्यू झाला. बस दरवाजाच्या बाजूवर आडवी झाल्याने तो मार्ग बंद झाला होता. बसच्या बांधणीविषयी, संकटकाळी बाहेर पडण्याच्या दारांविषयी आणि छतावरील झडपांविषयी नियम असतात, ते अशाच क्षणासाठी. ते कागदावर असून चालत नाहीत. प्रवाशाच्या हाताला ती झडप सापडली पाहिजे आणि ती उघडली पाहिजे.

काही आक्षेप

सुरक्षित गाडी मिळाली की चालक अधिक बेफिकीर होतो, असा युक्तिवाद अर्थशास्त्रज्ञ सॅम पेल्ट्झमन यांनी १९७५ साली केला. तो पूर्णपणे निराधार नाही. काही चालक असे वागतही असतील. परंतु दशकांचा अनुभव वेगळे सांगतो. अमेरिकेत १९६६ साली दर दहा कोटी मैल प्रवासामागे ५.५ मृत्यू होत. २०१४ साली ते सुमारे १.१ झाले. पुढील काही वर्षांत तेथे एकूण मृत्यू पुन्हा वाढले आणि २०२१ साली त्यांनी ४२ हजारांचा टप्पा ओलांडला. केवळ गाडीच्या आतील माणसाला जपणारे तंत्रज्ञान पुरेसे नाही, वेगाला आवर आणि पादचाऱ्याची काळजीही हवी, हा त्यातील इशारा आहे.

दुसरा आक्षेप किमतीचा. सुरक्षेमुळे वाहन महागते आणि गरिबाला परवडत नाही, असे म्हटले जाते. परंतु ती किंमत न देणाऱ्या कुटुंबावर पुढे शस्त्रक्रिया, अपंगत्व आणि बुडालेली मिळकत यांचा जो भार पडतो, तो कोणत्याही एअरबॅगहून जड असतो. नियम सर्वांना समान लागू झाला की उत्पादनाची संख्या वाढते आणि साधन स्वस्त होते. ऐच्छिक ठेवले की ते केवळ श्रीमंतांच्या गाडीत राहते.

शेवटचा टप्पा

टक्करीनंतरचा पहिला तास निर्णायक असतो. २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने या 'सुवर्ण तासा'ची व्याख्या केली आणि जखमींना मदत करणाऱ्या नागरिकाला कायदेशीर संरक्षण दिले. मदत करणाऱ्यावर आपले नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या योजनेनुसार अपघातग्रस्तास नियुक्त रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, रोख रकमेविना उपचार मिळू शकतात. पैशाअभावी जखमीला दारात थांबावे लागू नये, हा धर्मादाय रुग्णालयांचा मूळ हेतूच यात कायद्याच्या रूपाने आला आहे.

आपण काय करावे?

१. मोटारीत बसलेल्या प्रत्येकाने, मागच्या आसनावरही, पट्टा लावावा. सर्वांनी पट्टे लावल्याशिवाय गाडी सुरू करू नये.

२. आयएसआय चिन्ह असलेले हेल्मेट घ्यावे आणि त्याचा पट्टा हनुवटीखाली बांधावा. मागे बसणाऱ्यासाठी दुसरे हेल्मेट घ्यावे.

३. दुचाकीवरील नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या बालकासाठी हेल्मेट आणि चालकाशी जोडणारा सुरक्षा-पट्टा नियमानुसार आवश्यक आहे. अशा वेळी वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा अधिक नसावा.

४. नवे वाहन घेताना तारांकन, एअरबॅग आणि एबीएस यांची चौकशी रंगाच्या आधी करावी.

५. खासगी बसमध्ये बसताना संकटकालीन दार कोठे आहे, ते पाहून ठेवावे.

६. संस्था, कारखाने व शाळा यांच्या चालकांनी आपापल्या वाहनांचे वेग-नियंत्रक, मागील पट्टी व दिवे नियमितपणे तपासून घ्यावेत.

देणगीदारांच्या औदार्यातून रुग्णालयात खाटा वाढतात, यंत्रे येतात, जीव वाचतात. त्याबद्दलची कृतज्ञता शब्दांत मांडणे कठीण आहे. परंतु अपघात विभागातील खाट रिकामी राहावी, अशी इच्छा धरणारी संस्था केवळ उपचारांवर समाधान मानू शकत नाही. चांगला नियम करवून घेणे, तो पाळणे आणि घरातील प्रत्येकाकडून तो पाळून घेणे, हीसुद्धा रुग्णसेवाच आहे. तिला ना पावती लागते, ना शस्त्रक्रियागृह. आणि तिचा लाभ झालेला माणूस आपल्याला कधीच भेटत नाही, कारण तो संध्याकाळी नेहमीप्रमाणे आपल्या घरी पोहोचलेला असतो.